डाव्या बाजूची बाई

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा पद्मजाताई बावन्न वर्षांच्या होत्या आणि बँकेत कॉम्प्युटर येऊन दोनच वर्षं झाली होती. "माझं काम त्या डब्याला येतंय ना, मग मी कशाला खुर्ची अडवू?" असं त्या मॅनेजरच्या तोंडावर म्हणाल्या होत्या. बोलायला ठीक होतं. त्यानंतरची दोन-तीन वर्षं बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये कशी गेली ते विचारू नका. मुलगा न्यू जर्सीत, नवरा फोटोत आणि शेजारी सगळे चांगले, म्हणजे दार लावून घेणारे. शेवटी एका शनिवारी पहाटेच त्या लोणी काळभोरच्या बसमध्ये बसल्या आणि घोड्यांच्या केंद्रावर स्वयंसेवक म्हणून नाव घालून आल्या. घोडा त्यांनी त्याआधी फक्त वरातीत पाहिला होता.

केंद्र गावाबाहेर होतं, उसाच्या शेताला लागून. ज्या मुलांचे हातपाय, पाठ, मान नीट ऐकत नाहीत, त्यांना तिथे घोड्यावर बसवत. घोड्याच्या चालीबरोबर मुलाचं अंग हलतं आणि हळूहळू कमरेला तोल धरायची सवय लागते, असं केंद्राचे प्रमुख यज्ञेश्वर सर सांगत. सर सैन्यातून निवृत्त, चंपा नावाची घोडी शर्यतीतून निवृत्त आणि ताई बँकेतून. "सगळा पेन्शनरांचा कारभार," असं ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. सर हसले नाहीत.

सरांचे नियम कडक होते. लगाम धरून पुढे चालणाऱ्या पोपट नावाच्या गड्याने मागे बघायचं नाही, समोरच्या वाटेकडे बघायचं. घोडीच्या दोन्ही अंगांना एकेक माणूस. त्याने आपला हात मुलाच्या मांडीवरून आडवा टाकून खोगिराची पुढची कडी घट्ट धरायची आणि नजर मुलावरून हलवायची नाही. बांगड्या, घड्याळ काही नको, मुलाला लागतं. आईबापांनी बांबूच्या तट्ट्यामागे बसायचं, कारण आई दिसली की मूल घोडीवरून तिच्याकडे झेपावतं. सगळ्यात मोठा नियम मूल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देण्याचा होता. देणाऱ्याने विचारायचं, "सोडू?" घेणाऱ्याने मुलाला खरोखर धरायचं आणि मगच म्हणायचं, "घेतला." तो शब्द कानावर पडेपर्यंत हात सोडायचा नाही, मग आभाळ कोसळो.

ताईंच्या वाट्याला प्रज्ञेश आला. सात वर्षांचा, काटक, डोळ्यांत भारी मिश्कीलपणा. जन्मताना श्वास उशिरा आला आणि सगळं अंग रुसून बसलं. बसवलं की तो डावीकडे कलायचा, हळूहळू, भिंतीला टेकवलेली पिशवी घसरावी तसा. डोकं मात्र तल्लख. बोलणं अडखळत, पण चंपाच्या कानांवर तो तासभर बोलू शकला असता. त्याची आई दीपाली सरकारी कचेरीत होती. शनिवारची सुट्टी काढून, रिक्षा, बस आणि पुन्हा चालणं करून ती त्याला कडेवर घेऊन यायची.

"याच्या आजोबांना शाळेत दाराबाहेर बसवलं होतं, ताई," ती एकदा म्हणाली. "बाबासाहेबांनी आम्हाला आत नेलं. आता माझा मुलगा पुन्हा दाराबाहेर राहायला नको. याला वीसपर्यंत पाढे येतात. पण शाळा म्हणते, आधाराशिवाय अर्धा तास बाकावर बसला तर घेऊ. मेच्या दुसऱ्या सोमवारी बघणार आहेत."

त्या सोमवारला तेव्हा सहा शनिवार उरले होते. ताईंना त्या शाळेचा असा राग आला की त्या परतीच्या बसमध्ये कंडक्टरशी भांडल्या.

डाव्या बाजूला रोहन असायचा. एका आयटी कंपनीतला मुलगा, कंपनीचाच टी-शर्ट घालून येणारा, चांगला होता. पण मार्चच्या शेवटी त्याचा फोन आला. "काकू, सॉरी यार, आमचं रिलीज आहे, पुढचे सगळे वीकेंड गेले. पण माझी रिप्लेसमेंट येईल, सरांना मेल टाकलाय." यार म्हणून घ्यायची ताईंना सवय नव्हती, तरी त्या म्हणाल्या, "बरं बाबा, तुझं रिलीज सुखरूप होऊ दे."

त्या शनिवारी सर दुसऱ्या घोड्याच्या मागे होते. ओट्यावरून प्रज्ञेशला चंपावर बसवलं, चंपा दोन पावलं पुढे गेली आणि डावीकडून एक हात त्याच्या मांडीवरून आडवा आला. ताई उंचीने बेताच्या. मधे घोडी आणि तिच्यावर पोर, त्यामुळे पलीकडच्या माणसाचा कोपरापासून पुढचा हातच त्यांना दिसायचा. हा हात रोहनचा नव्हता. बाईचा होता, उन्हाने रापलेला, शिरा वर आलेल्या, मनगटावर हिरवं पडलेलं विंचवाचं गोंदण आणि हिरव्या काचेच्या बांगड्या. रिप्लेसमेंट आली म्हणायची. आयटी कंपनीत अशाही बायका असतात हे ताईंना नवीन होतं. कॅन्टीनमधली असेल, असा त्यांनी हिशेब लावला.

"अहो बाई," चालता चालता त्या म्हणाल्या, "आपण नवीन दिसता. पुढच्या वेळी बांगड्या काढून या. पोराला लागतं."

पलीकडून उत्तर आलं नाही. पण हात पक्का होता. उसाच्या कडेने कालव्यापर्यंत आणि परत, वीस मिनिटं, प्रज्ञेश त्या दिवशी एकदाही डावीकडे घसरला नाही. ओट्याशी आल्यावर ताई म्हणाल्या, "घेतला. सोडा." हात निघून गेला. ताईंनी पोराला उतरवून आईकडे दिलं आणि आभार मानायला वळल्या तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं. "तुसडी दिसते," त्या मनाशी म्हणाल्या. तुसडी माणसं त्यांना आवडायची.

पुढच्या शनिवारी हात आला तेव्हा बांगड्या नव्हत्या. मनगटावर बांगड्यांच्या जागी फिकट वळ्या उमटलेल्या होत्या, वर्षानुवर्षं न काढलेल्या बांगड्या काढल्यावर दिसतात तशा. ताईंना समाधान वाटलं. सांगितलेलं ऐकणारं माणूस आजकाल कुठे भेटतं?

प्रज्ञेश सुधारत होता, हे कोणीही सांगितलं असतं. पाठ ताठ, मान वर. तट्ट्याच्या फटीतून बघून दीपाली डोळे पुसायची. तिसऱ्या शनिवारी मात्र उतरताना ताईंनी "घेतला, सोडा" म्हटलं आणि हात लगेच निघाला नाही. ताईंना पुन्हा म्हणावं लागलं. आणि प्रज्ञेश तट्ट्यामागे आईला म्हणाला, "तिचा हात गार आहे. ती बोलत नाही."

एप्रिलचं ऊन सात वाजताच चटके देत होतं. अशा उन्हात गार हात?

चौथ्या शनिवारी दीपाली संकोचत म्हणाली, "ताई, एक सांगू का? हा म्हणतो त्या पलीकडच्या बाईंना जरा हलक्या हाताने धरायला सांगाल? ह्याच्या डाव्या मांडीवर बघा." तिने पोराची चड्डी वर सरकवली. चार बोटं आणि अंगठा, निळे, स्पष्ट.

ताईंना संताप आला. चालायला लागल्याबरोबर त्या म्हणाल्या, "बाई, हे पोर आहे, मोळी नाही. जरा सैल धरा." हात तसाच होता. बोटं कडी सोडून मांडीवर रुतली होती, नखं पांढरी पडली होती. "ऐकू येतंय का आपल्याला?" म्हणत ताईंनी नियम मोडला. त्यांनी प्रज्ञेशवरची नजर काढली आणि चालता चालता वाकून चंपाच्या पोटाखालून पलीकडे बघितलं, निदान या बयेच्या पायात काय आहे ते तरी दिसेल म्हणून.

चंपाचे चार पाय होते. पलीकडे धूळ होती आणि धुळीवर ऊन होतं. पावलं नव्हती.

त्या सरळ झाल्या. हात जागेवर होता. विंचवाची नांगी प्रज्ञेशच्या गुडघ्याकडे वळलेली. ताईंची स्वतःची मूठ मात्र कडीवरून सुटली नाही. वीस मिनिटं त्या चालल्या. ओट्याशी आल्यावर "घेतला, सोडा" हे त्यांनी चार वेळा म्हटलं, तेव्हा कुठे बोटं उलगडली.

पोपट चंपाला पाणी दाखवत होता. ताईंनी त्याला गाठलं. "पोपट, माझ्या पलीकडे चालते ती बाई कोण आहे?"

"कोन बाई?" पोपट म्हणाला. "म्या म्होरं बघतोय न्हवं. मला वाटलं, तुमच्या त्या रोहनभाऊच्या कंपनीची असंल कुनीतरी."

ताई कचेरीत गेल्या आणि हजेरीची वही उघडली. तीस वर्षं बँकेत वह्या वाचलेली बाई ती. डाव्या बाजूच्या रकान्यात चारही शनिवार कोरे होते. रोहनची रिप्लेसमेंट कधी आलीच नव्हती. सरांना वाटलं आली, पोपटला वाटलं आली, ताईंना तर ती दिसतच होती. परत येऊन त्यांनी पोपटला विंचवाचं गोंदण सांगितलं, फिकट वळ्या सांगितल्या. पोपटच्या हातातली बादली खाली टेकली.

"बायडाबाई," तो म्हणाला. "आपल्या फाटकावरच्या गेनबाची बायकू. ती तर कवाच गेली, ताई. ही समदी जमीन त्यांचीच हुती. त्यांचं पोरगं असंच हुतं, उत्तरेश्वर, बसवलं की कलंडायचं. नऊ वरसं बायडाबाईनं त्येला कडंवर वागवला. मग एक दिस कालव्यावर धुनं धुताना खाली बसवला आन् गेला की पान्यात. गाव म्हनलं, आईच बेफिकीर. ती काय बोलली न्हाई. दोन वरसं खंगली आन् गेली."

गेनबा म्हणजे फाटकाजवळ माठ भरणारा म्हातारा. धोतर स्वच्छ, बोलणं कमी. तो फाटकापासून कधी पुढे आत यायचा नाही, आणि ताईंना वाटायचं, गुडघे दुखत असतील.

आता शहाण्या माणसाने काय करावं? सरांना सांगावं. सरांनी काय केलं असतं? डाव्या बाजूला माणूस मिळेपर्यंत प्रज्ञेशची फेरी बंद. सोमवारच्या आधी दोनच शनिवार उरले होते. ताई तीन रात्री कूस बदलत राहिल्या आणि शेवटी गप्प बसल्या. मेलेलीने का होईना, धरलं तर आहे ना, असं त्यांनी स्वतःला समजावलं. हे त्यांचं चुकलंच. ते त्यांना तेव्हाही कळत होतं आणि तरी त्या गप्प बसल्या.

पाचवा शनिवार कसाबसा पार पडला. "घेतला" ताईंना आठ वेळा म्हणावं लागलं.

सहाव्या शनिवारी चंपा फाटकातूनच अडत होती. कान मागे, कातडी थरथरत. कालव्यापाशी पाण्याचा वास आला तशी ती डावीकडच्या काठाला सरकायला लागली. पोपटने लगाम ओढून तिला उसाकडे ठेवलं. प्रज्ञेश ताठ बसला होता, इतका ताठ की ताईंना ते बघवेना. पोरगं बसलं नव्हतं. त्याला बसवून ठेवलं होतं.

ओट्याशी ताईंनी त्याच्या काखेत हात घातले. "घेतला, बाई. सोडा आता."

हात हलला नाही.

"घेतला म्हणते ना. मी धरलाय त्याला. सोडा!"

बोटं आणखी रुतली. प्रज्ञेश ओरडला, "आई गं, दुखतंय!" ताईंनी ओढलं, पोपटने लगाम टाकून मागे पाहिलं. त्याला कोणी दिसलं नाही. त्याला फक्त पोराच्या चड्डीचं कापड पाच जागी आत दबलेलं दिसलं आणि त्याची बोबडी वळली. तट्ट्यामागून दीपाली धावत आली. चंपा मागचे पाय आपटायला लागली. ती उधळली असती तर पोरगं अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे राहिलं असतं.

"गेनबा!" ताई जिवाच्या आकांताने ओरडल्या. "अहो गेनबा, इकडे या! तुमची बायको पोराला सोडत नाहीये!"

असं वाक्य सकाळी साडेसातला पुणे जिल्ह्यात क्वचितच कोणी उच्चारलं असेल. फाटकाशी म्हातारा उभा राहिला. हातातलं फुलपात्र माठावर ठेवलं. मग तो आला, पहिल्यांदाच, गुडघ्यांत काही दुखत नसल्यासारखा भराभर. चंपाच्या डाव्या अंगाला जाऊन तो थांबला. त्या हाताकडे त्याने पाहिलं. त्याला तो दिसत होता, हे ताईंना त्याच्या तोंडावरून कळलं.

"घेतला असं म्हनून सोडायची न्हाई ती," गेनबा म्हणाला. कोणाकडे न बघता बोलत होता. "त्या दिवशी तिनं मला इचारलं हुतं. 'लुगडं पिळते, धरला का?' म्या म्हनलं, 'धरला.' तवा बिल्डरचा मानूस आला हुता, रणजितशेटचा, जमिनीचा नकाशा घिऊन. आमी काठावर नकाशा पसरून बसलो हुतो. म्या बघितलंच न्हाई. नुस्तं तोंडानं म्हनलं, धरला. पोरगं माझ्या बाजूला हुतं. हातभर अंतरावर."

पोपट तोंड उघडं टाकून ऐकत होता. गावाने एवढी वर्षं दुसऱ्याच माणसाला बोल लावला होता.

"ती एकदाबी बोलली न्हाई कुनाला," गेनबा म्हणाला. "म्याबी बोललो न्हाई."

मग त्याने दोन्ही हात वर केले. एक प्रज्ञेशच्या पाठीमागे घातला, दुसरा छातीवरून आडवा. नीट, सावकाश, पोराचं सगळं वजन आपल्या अंगावर घेऊन. म्हाताऱ्याच्या दंडाच्या शिरा ताणल्या. आधी त्याने आपले हात बघितले, मग पोराकडे बघितलं.

"बायडे," तो म्हणाला. "घेतला. बघ, ह्या बारीला खरंच घेतला."

विंचवाचं गोंदण थरथरलं. करंगळी निघाली, मग दुसरं बोट, मग बाकीची. हात मांडीवरून मागे सरकला आणि जाता जाता गेनबाच्या मनगटाला लागला, तेवढाच. चंपाने मोठा श्वास सोडला. प्रज्ञेश गेनबाच्या खांद्यावर कोसळला, नेहमीसारखाच डावीकडे, आणि रडायला लागला.

दीपालीने हात पुढे केले. "द्या, बाबा."

गेनबा देईना. "म्हना की," तो म्हणाला.

"काय म्हणू?"

"घेतला म्हना. आन् आदी धरा, मग म्हना."

दीपालीने पोराला पोटाशी आवळलं आणि म्हणाली, "घेतला हो, बाबा." म्हाताऱ्याने तिच्या हातांकडे बघून खात्री केली आणि मगच आपले हात काढले. मग तो ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याला धरायला कोणी नव्हतं, म्हणून ताई शेजारी बसल्या. त्यांना म्हाताऱ्याचा भयंकर राग आला होता आणि तरी त्या बसल्या.

सरांना ताईंनी त्याच दिवशी कोरा रकाना दाखवला आणि आपण गप्प बसलो तेही सांगितलं. सरांनी त्यांना दोन महिने घोडीजवळ यायला मनाई केली. ते बरोबरच होतं.

सोमवारी दीपालीच्या विनंतीवरून ताई शाळेत गेल्या. मंडईच्या मागे, जुनी इमारत, रुंद वर्ग. प्रज्ञेशला बाकावर बसवून शाळेच्या बाईंनी दीपालीला बाहेर काढलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ताई व्हरांड्यात खिडकीशी उभ्या राहिल्या. सहा शनिवारांत पोरगं बसायला शिकलं होतं की कोणीतरी त्याला धरून बसलं होतं, हे त्या स्वतःला विचारत होत्या आणि उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. सोडवलं नसतं तर आज तो हात इथे आला असता का, हा विचारसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेला. त्याची त्यांना लाज वाटली.

दहा मिनिटं तो बसला. पंधरा. वीस मिनिटांनी तो कलायला लागला. डावीकडे, सावकाश, तीच जुनी घसरण. दीपालीने तोंडावर पदर दाबला. बाक संपत होता, पलीकडे फरशी होती. प्रज्ञेशने डावीकडे पाहिलं, कोणाची तरी वाट बघावी तसं. क्षणभर थांबला. मग त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या, तोंड वाकडं झालं, उजवा हात बाकावर आपटला आणि इंच इंच करत तो सरळ झाला.

पस्तीस मिनिटांनी शाळेच्या बाई म्हणाल्या, "पुरे."

त्याच्या डाव्या बाजूला कोणी नव्हतं. ताईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोणी नव्हतं. आनंदाने त्यांना रडू आलं आणि त्यात तो हात आला नाही याची थोडी हुरहूरही होती.

"ताई, चला ना आत," दीपाली म्हणाली. ताईंनी खिडकीचा गज घट्ट धरला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"तू आधी जा. पोराला घे," त्या म्हणाल्या. "मी बघते इथून."

दीपालीने आत जाऊन प्रज्ञेशला उचललं. मग ताईंनी हात सोडला.